एका विशेषणाचे मानकरी

अहो,

तेरावा झाला. पाहुणे पुण्याच्या गाडीनं गेले, आणि काल संध्याकाळी वाचनालयात तुमच्यासाठी सभा झाली. बायकांसाठी मागं सतरंजी घातली होती. तिथं बसून मी तुम्हाला लावलेली विशेषणं ऐकत होते. शांत, सालस, मितभाषी, निगर्वी, सोशिक. एकानं तर 'अजातशत्रू' म्हटलं. तुम्ही असता तर मान खाली घालून माझ्याकडे तिरकं पाहिलं असतंत, आणि घरी येता येता एकेकाला गुण दिले असतेत. 'सोशिक' म्हणणाऱ्याला नक्की नापास केलं असतंत. आमटीत मीठ जास्त पडलं की तोंडानं चकार शब्द न काढता पाण्याचा तांब्या पुन्हा पुन्हा मागणारा माणूस किती सोशिक असतो, ते मला विचारा म्हणावं.

तुमचं खरं विशेषण मात्र कोणी उच्चारलं नाही. इंग्रजी, लांबलचक, सरकारनं शिक्क्यानिशी घरपोच दिलेलं. मला वाटलं, उठावं आणि सांगावं. पण एकदा उठले असते तर तेवढ्यावर थांबले नसते. त्या शब्दापायी आपल्या दोघांत जे भांडण अर्धवट राहिलं आहे, तेही सगळ्यांदेखत काढलं असतं. ते घरातलं आहे, घरातच बोलावं. म्हणून आज दार लोटून घेतलंय आणि तुमच्याशीच बोलत बसले आहे.

लग्न होऊन लोणावळ्याला आले तेव्हा मला इंग्रजीच्या तीन यत्तांपुरतं इंग्रजी येत होतं. पुढचं तुम्ही शिकवलंत, तेही वळवणच्या तलावाकडे फिरायला जाताना. बाजार संपेपर्यंत मी चार पावलं मागून चालायची आणि बंगल्यांचा रस्ता लागला की बरोबरीनं. लोक हसायचे ते हसायचेच. वाटेत जो भेटेल त्याला एक इंग्रजी विशेषण द्यायचं, एकच द्यायचं, आणि त्या संध्याकाळी ते दुसऱ्या कोणाला लागू पडता कामा नये, असा तुमचा नियम. 'गुड' आणि 'बॅड' वापरायला बंदी होती. तुम्ही म्हणायचात, नाव आईबाप ठेवतात, धंदा पोट लावतं, पण विशेषण मिळायला कोणीतरी आपल्याकडे नीट पाहावं लागतं.

मला तुम्ही 'टार्ट' दिलं होतंत. मी घरी येऊन कोशात पाहिलं तर आंबट, तिखट, झोंबणारं. रात्रीच्या जेवणापर्यंत मी बोलले नाही. तेव्हा तुम्ही पानातल्या कैरीच्या चटणीकडे बोट दाखवून म्हणालात, हिच्याशिवाय मला भात उतरत नाही. आता कबूल करते, त्यानंतर ते विशेषण मला आवडू लागलं होतं.

मग ती मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळची धामधूम. एका सकाळी तुमच्या शाळेच्या कौलांवर चरख्याचा झेंडा दिसला. इन्स्पेक्टरसाहेब नेमके त्याच दिवशी यायचे होते. तुम्ही पहाटे फिरायला गेला होतात, आणि झेंडा लावून कौलांवरून उतरणारी तीन मुलं तुम्ही पाहिली होतीत. कुरवंडे गावची मुलं, रोज डोंगर उतरून शाळेला येणारी. चौकशीत तुम्हाला विचारलं, पाहिलंत का? दुसरा कोणी असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही म्हणालात, हो, पाहिलं, ओळखलं, पण नावं सांगणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी आल्यावर मी विचारलं, पाहिलं नाही म्हणायला काय झालं होतं? तर तुम्ही म्हणालात, तसं म्हटलं असतं तर माझं विशेषण 'खोटारडा' झालं असतं, आणि ते फार लोकांना लागू पडतं.

नावं तुम्हाला पुन्हा विचारली, मग लेखी विचारली, मग साहेबानं समोर बोलावून विचारली. तुमचं उत्तर तेच. शेवटी तो कागद आला. तुमची वर्तणूक 'कॉन्ट्युमेशस' आहे, सबब तुम्हाला नोकरीवरून का काढू नये याचा खुलासा करावा.

तुम्ही कागद दिव्याजवळ नेलात आणि त्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणालात, "हा शब्द मी वर्गात कधी शिकवलेला नाही." घरच्या कोशात तो नव्हता. चौकशी संपेपर्यंत तुम्हाला शाळेत यायला बंदी होती, त्यामुळे तिथला मोठा कोश पाहायची सोय उरली नव्हती. मी म्हटलं, वाईटच असणार काहीतरी, कोश कशाला हवा? तुम्ही म्हणालात, अंदाज मलाही आहे, पण अंदाजावर नोकरी घालवायची नाही.

दुसऱ्या दिवशी आपण तुंगार्लीच्या बंगल्यातल्या त्या पेन्शनर पारशीबावांकडे गेलो. त्यांच्याकडे एवढा थोरला कोश होता की तो उचलायला त्यांनी गड्याला हाक मारली. तुम्ही व्हरांड्यात उभ्यानंच वाचू लागलात. अर्थ होता, अधिकाऱ्याचा हुकूम कळूनसवरून न मानणारा. मागं विलायतेत धर्मगुरूंची न्यायालयं असत, त्यांनी बोलावून जो हजर होत नसे त्याला हा शब्द लावत. मुळाबद्दल कोशकाराचीच खात्री नव्हती. फुगणं असा काही अर्थ असलेल्या लॅटिन शब्दाशी नातं असावं, एवढं सांगून त्यानं हात झटकले होते. शेजारीच त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एक शब्द होता, अपमान करून बोलणाऱ्याचा. तो आणि हा एक समजू नये, हे तुम्ही मला तिथल्या तिथं बजावलंत. बढतीचा कागद वाचावा तसा तुमचा चेहरा दिसत होता. बावाजी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, बाई, यांना घरी घेऊन जा आणि काही गरम प्यायला द्या.

परत येताना तुम्ही मला तो शब्द शिकवलात. बैल हट्टी असतो, खेचर अडून बसतं, लहान मूल हेका धरतं, पण यांतल्या कोणालाही हा शब्द लावता येत नाही. त्याला समोर हुकूम देणारा लागतो. तो हुकूम ऐकणाऱ्याला पुरता कळलेला लागतो. आणि ऐकणाऱ्यानं पळून न जाता, खोटं न बोलता, उभं राहून नाही म्हणावं लागतं. मी मराठीतले एकेक शब्द पुढं करत गेले. हेकेखोर म्हटलं, तर तो कारणाशिवायही हेका धरतो म्हणालात. मुजोर म्हटलं, तर त्याला अधिकाऱ्याची पर्वाच नसते, मला आहे म्हणालात. उद्धट म्हटलं, तर मी 'सर' म्हटल्याशिवाय एकदाही बोललो नाही म्हणालात. शेवटी वैतागून मी म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुम्ही मोठ्यानं हसलात आणि म्हणालात, जवळ आलीस, पण सुंभाला कोणी हुकूम दिलेला नसतो. मग थोडं चालून म्हणालात, त्या कचेरीत कोणीतरी कारकून असेल, त्यानं हा शब्द निवडला असेल. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलंय.

मला तेव्हा हसू आलं नाही. पण तुमच्या शेजारून चालताना भीती थोडी कमी झाली होती, हे खरं.

मग हेडमास्तर घरी आले. भला माणूस, तुमच्यावर जीव होता त्यांचा. त्यांनी खूप धडपड करून वाट काढली होती. कॉन्ट्युमेशस हा शब्द कागदावरून जाईल, त्याजागी 'मिसगायडेड' येईल. वाट चुकलेला, दुसऱ्याच्या सांगण्यानं भरकटलेला. तुम्ही तसं लिहिलेल्या माफीपत्रावर सही करायची, नोकरी कायम. मुलांची नावं कोणी पुन्हा विचारणार नाही, असंही ते म्हणाले. हे सगळं मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. चहा उकळत होता. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, थांबा, आत विचारून येतो. मी पदर सारखा केला, हात पुसले, आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले.

तुम्ही आत आला नाहीत. मी कप घेऊन ओटीवर आले तेव्हा हेडमास्तर जोडे घालत होते.

तुम्ही त्यांना काय म्हणालात ते मी आतून ऐकलं होतं. "मला कोणी भरकटवलं नाही, सर. मी वाट चुकलो असं लिहिलं तर चुकवणारा कोण, ते विचारतील. मग पुन्हा नावाशीच येऊन थांबू. आहे तो शब्द बरोबर आहे, तोच राहू द्या." बोलणं तुमचं चोख होतं. त्यात खोट काढायला मला आजही जागा सापडत नाही. हेडमास्तर माझ्याकडे पाहून म्हणाले, वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, तिला यात ओढू नका.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. आपण दोघं एकाच भांडणात नव्हतो, एवढीच त्यातली गंमत.

नोकरी गेली. स्टेशनजवळची हवेशीर जागा सोडून आपण या दोन खोल्यांत आलो. मी मुलींच्या मराठी शाळेत शिकवू लागले. तुम्ही उन्हाळ्यात बंगल्यांत उतरणाऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवायचात, आणि एरवी वाचनालयात बसून ज्याला हवा त्याला अर्ज लिहून द्यायचात. मी शाळेतून यायच्या वेळेला तुम्ही चूल पेटवून चहाचं आधण ठेवलेलं असायचं. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. एकीनं विचारलंसुद्धा, मास्तर आता घरातलंही बघतात वाटतं? तुम्ही खिडकीतून म्हणालात, बघतो, आणि शिकतोही. भाकरी तुम्हाला शेवटपर्यंत गोल जमली नाही, पण ती कधी कच्ची राहिली नाही. पावसाळ्यात हवा कोंदली की तुमचा दमा उसळायचा, तरीही चूल तुम्हीच फुंकायचात. त्याबद्दल तोंडानं कधी आभार मानले नाहीत. आपल्यात ती रीत नव्हती. आता मानते.

तुम्हाला वाटायचं, मी गरिबीवर रागावले आहे. दर दिवाळीला माझ्याकडे नवं लुगडं नाही हे पाहून तुमचा चेहरा उतरायचा, आणि तुम्ही म्हणायचात, माझ्यापायी तुझे हाल. मी फटकन म्हणायची, हालांचं मला काही वाटत नाही. तुम्हाला ते टोचून बोलल्यासारखं वाटायचं. तुम्हीच मला दिलेल्या 'टार्ट'चा तो गुण. मग तुम्ही माझी समजूत काढायचात, आणि ज्या गोष्टीबद्दल काढायचात ती माझी तक्रारच नव्हती. मी म्हणायची, मला विचारलं का नाहीत? तुम्ही म्हणायचात, तू सही करायला सांगितलं असतंस तर मला तुझा शब्द मोडावा लागला असता. ते मला झालं नसतं. म्हणजे हुकूम मिळायच्या आधीच तुम्ही तो मोडून ठेवलात. एवढा शब्दांचा माणूस, पण मी काय म्हणेन ते तुम्ही मनानंच ठरवून टाकलंत.

पुढं आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा मंडळी येऊन म्हणाली, मास्तर, अर्ज करा, तो शेरा खोडून मिळेल. तुम्ही म्हणालात, बरोबर वापरलेला शब्द कशाला खोडायचा? ते गेल्यावर माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "करू का अर्ज? तुझं काय म्हणणं?" इतक्या वर्षांनी विचारलंत, तेही उत्तर देऊन झाल्यावर. मी म्हटलं, वरातीमागून घोडं. तुम्ही हसलात, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

आणि गेल्या महिन्यात, उशीला टेकून बसल्या बसल्या, तुम्ही माझा हात धरून माफ कर म्हणालात. मी विचारलं, कशाबद्दल? तुम्ही म्हणालात, त्या नोकरीबद्दल. मी म्हटलं, अहो, नोकरीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पुढचं सांगायला तोंड उघडलं, तोवर तुम्हाला ढास लागली. मग गरम पाणी, शेक, डॉक्टरांना निरोप. पुन्हा तो विषय निघाला नाही.

ते पुढचं आज सांगते. नोकरी गेल्यानंतर कुरवंड्याची मंडळी आपल्याकडे आली होती, त्या दिवसाचं आहे ते.

तुम्हाला ती दुपार आठवत असेल. मुलांनी घरी जाऊन सांगितलं होतं की सरकारनं मास्तरांना कॉन्ट्युमेशस केलं. गावानं त्याचा सरळ अर्थ लावला. डोंगराखालच्या एका इनामदाराला सरकारनं असाच शिक्क्याचा कागद पाठवून रावसाहेब केलं होतं. मास्तरांना त्याहून लांब पदवी मिळाली म्हणताना गावानं नुसतं बसून कसं राहायचं? म्हणून गावातल्या वडीलधाऱ्या धोंडूआबांना पुढं घालून मंडळी डोंगर उतरली, नारळ, फेटा आणि आंबेमोहोर तांदळाचं पोतं घेऊन. तुम्ही काही बोलायच्या आत आबांनी तुमच्या डोक्याला फेटा गुंडाळला सुद्धा. तेवढ्या मोठ्या फेट्याखाली तुमचा चष्मा कसा दिसत होता, ते आठवलं की मला आजही हसू येतं.

तुम्ही त्यांना फसवलं नाहीत. म्हणालात, आबा, ही पदवी नव्हे, दोष आहे. हुकूम कळूनही न मानणाऱ्याला असं म्हणतात, नोकरी गेली ती त्यापायीच. आबांनी विचारलं, हुकूम कशाचा होता? तुम्ही झेंड्याची हकिगत सांगितलीत, मुलं कुरवंड्याची होती हेही सांगितलंत. आबा पुढं सरकले.

"कुनाची पोरं व्हती, मास्तर?"

त्या तिघांत एक त्यांचा नातू होता. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, ते तुम्हालाही सांगता यायचं नाही. तेव्हा आबा म्हणाले, "मंग सरकारचा शबूद बरूबर हाय. फेटा ऱ्हाऊ द्या."

ओटीवरचं हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच वेळी आत काय चाललं होतं, ते नाही. आबांच्या घरच्या ठकूमावशी माझ्याबरोबर तांदूळ पोत्यातून डब्यात भरत होत्या. ओटीवरचं सगळं त्यांच्याही कानावर आलं होतं. आता खाणार काय, असं त्यांनी विचारलं नाही. मापटं हातात तसंच धरून त्या म्हणाल्या, "मास्तरांनी तुमास्नी इच्यारलं व्हतं का, वैनी?"

एवढ्या सगळ्यात मला हा प्रश्न कोणीच केला नव्हता. माहेरच्यांनी नाही, हेडमास्तरांनी नाही. तुम्हाला उणेपणा यायला नको म्हणून मी म्हणाले, हो, विचारलं होतं.

"मंग तुमी काय म्हनला?"

"सही करू नका म्हणाले."

हे मी ठरवून बोलले नाही. हेडमास्तर आले त्या दिवशी चहा करताना जे तोंडात तयार होतं, तेच बाहेर आलं. मुलांची नावं देऊ नका, आणि वाट चुकलो असंही लिहून देऊ नका. कसं भागवायचं ते आपण पाहू. एवढंच सांगायला मी दाराकडे तोंड करून उभी होते.

ठकूमावशींनी मापटं पोत्यात घातलं आणि म्हणाल्या, "म्हंजी दोगांनी मिळून सोडली म्हना की." मी हो म्हणाले.

अहो, माझं दुखणं होतं ते एवढंच. तुम्ही नोकरी सोडलीत, माझी मात्र नुसती गेली. तुम्ही शेवटपर्यंत नोकरीबद्दल माफी मागत राहिलात, आणि मला न विचारण्याखेरीज माफ करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. कुरवंड्याला इतकी वर्षं लोक समजून आहेत की मास्तरांनी विचारलं आणि बाई नको म्हणाल्या. तिथं आपण दोघांनी ती नोकरी सोडली आहे. आता तुम्हीही तसंच धरून चला. तुम्ही आत आलात, मला विचारलंत, आणि मी म्हणाले, सही करू नका.